आधी समुद्र, मग गेंडा

लेकीची बारावी मार्चमध्ये संपेल आणि त्यानंतर ती शिकायला पुण्याला जाईल. म्हणजे येत्या जुलैची सुट्टी ही आम्हा चौघांची एकत्र अशी शेवटची मोठी सुट्टी. घरात हे कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन महिने आफ्रिकेचा नकाशा पसरलाय, तो त्यासाठीच. लेकीने फुजैराला दिब्बा रॉकपाशी स्कूबाचा पहिला कोर्स पुरा केलाय, तिला समुद्र हवा. यांना सफारी. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, मूळ मालवणच्या. "हत्ती बघूक आफ्रिकेक कित्याक? ते आमच्या दोडामार्गातय येतत. माका गेंडो दाखवा," हे त्यांचं म्हणणं.

पहिला बेत सगळे करतात तोच केला: केनिया. मसाई मारा आणि मग डायनीचा किनारा. (सफारी हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आलेला, म्हणजे आपल्या सफरीचाच भाऊ.) पण आमच्या मुलांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा माराचा हंगाम ऐन भरात असतो आणि समुद्र मात्र रुसलेला. 'कुसी' नावाचे नैर्ऋत्येचे नव्हेत, आग्नेयेचे वारे सुटतात, पाणी खवळतं, गढूळ होतं. डायव्हिंगचे चांगले महिने साधारण ऑक्टोबर ते मार्च. नेमके बोर्डाच्या परीक्षेचे!

दुसरी अडचण पिवळ्या तापाची. सासूबाईंना परतल्यावर गणपतीसाठी लगेच भारतात जायचंय. केनियाहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे या लसीचा दाखला नसेल, तर त्याला वेगळं ठेवलं जाऊ शकतं. आणि साठीनंतर ही लस पहिल्यांदा द्यायची तर डॉक्टर दहादा विचार करतात. "मग मी रवतंय घरी," असं त्या म्हणाल्या, त्या दिवशी केनियाचं पान मिटलं.

तिसरी गोष्ट लेकीने शिकवली. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन शरीरात विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. घाईने उंचावर गेलं, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखे बुडबुडे होतात. म्हणून अनेक दिवस डायव्हिंग केलं की विमानात बसण्याआधी निदान 18 तास थांबायचं. विमानच नव्हे, उंच डोंगरही नको. आणि नैरोबी शहरच मुळी महाबळेश्वरापेक्षा उंच. तिकडे गेलो असतो तर आधी जंगल, मग समुद्र, आणि शेवटचा दिवस कोरडा, असाच क्रम लागला असता.

बोट नकाशावर खाली खाली सरकत दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळवर आलं. दरबानहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर श्लुश्लुवे-इम्फोलोझी अभयारण्य (इंग्रजी स्पेलिंग वाचून कोणी हा उच्चार करून दाखवावा!). 1895 साली राखीव झालेलं. दक्षिणेकडचा पांढरा गेंडा जगात फक्त इथेच उरला होता, शंभराहूनही कमी. 1960च्या दशकात इथूनच गेंडे पकडून दुसऱ्या अभयारण्यांत, दुसऱ्या देशांत पाठवले आणि जात वाचली. सासूबाईंचा गेंडा सापडला. तिथून दोनेक तासांवर सोडवाना बे. होड्या पाण्यात सोडतात त्या जागेपासून किती मैल, त्यावरून प्रवाळांची नावं: टू माइल, फाइव्ह माइल, सेव्हन, नाइन. 2000 साली इथल्या खोल घळीत, शंभर मीटरच्याही खाली, सीलाकँथ हा आदिम मासा जिवंत दिसला. लेकीला परवानगी 18 मीटरची, त्यामुळे भेट नाही.

इथे पिवळा ताप नाही, मोठी उंची नाही, आणि क्रम उलटा झाला तरी चालतो. आधी समुद्र, मग गाडीने जंगल. विमानाआधीचे तास गेंडे बघण्यात जातात. दरबानला दुबईहून थेट विमान आहे. मलेरियाचं मात्र डॉक्टरांना विचारायचंय. व्हिसाचे कागद जमतायत. यांना एकच काळजी, वीस वर्षं उजवीकडून गाडी हाकल्यावर आता पुन्हा आपल्यासारखी डावीकडून.

राहिली मी. पाण्यात जोडीनेच उतरायचं असतं आणि यांना पाण्याचं वावडं. "आई, तू हो ना माझी जोडीदार," लेक म्हणाली. पोहायला मी चाळिशीत, बिल्डिंगच्या तलावात शिकले. डायव्हिंगच्या फॉर्मवर मला एका प्रश्नाला 'हो' लिहावं लागलं, रक्तदाबाची गोळी. त्यामुळे डॉक्टरांची सही हवी. शिवाय सोडवानात रबरी होडी लाटा फोडत बाहेर काढतात, पाय पट्ट्यांत अडकवून बसायचं. त्याचा व्हिडिओ मी एकदाच पाहिला.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. सही मिळाली तर नोव्हेंबरमध्ये फुजैराला कोर्स. नाही मिळाली तर लेक तिथल्या गाइडबरोबर उतरेल आणि मी किनाऱ्यावर सासूबाईंशेजारी बसेन. जुलैत तिथून हंपबॅक देवमासे जाताना दिसतात. यांनी सामानाच्या यादीत घडीच्या खुर्च्या दोन लिहिल्यात, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.