झोळीवाला येईल

आमच्या घरात झोळ्या दोन. एक माजघरात तुळईला टांगलेली, आईच्या जुन्या लुगड्याची. तिच्यात आधी मी झोपले, मग माझ्या पाठची भावंडं. दुसरी सुगी सरत आली की दारात यायची, डवरी गोसाव्याच्या खांद्यावरून. कावेत बुडवून काढलेलं कापड, टोकांना गाठी, एका बाजूला जोंधळा, एका बाजूला पीठ आणि तळाशी कुठंतरी विभूतीची पुरचुंडी. झोळीच्या आधी डौराचा आवाज यायचा. वेशीपाशी वाजला की तो कुणाच्या दारात किती वेळ थांबतोय, यावरून आई सूप भरायला कधी उठायचं ते ठरवायची.

आईचं माहेर जत तालुक्यातलं. गोसावी तिकडूनच फिरत यायचा. थोरल्या मामाची म्हैस व्याली, धाकट्याचं लग्न मोडलं, विहिरीला पाणी लागलं नाही, असा सगळा हालहवाल तो उंबऱ्याबाहेर बसून सांगायचा. पोस्टकार्ड यायचं ते ‘सर्व क्षेम’ एवढंच लिहून. खरी बातमी याच्याकडून कळायची. जाताना आई त्याला आत, तुळईखाली बोलवायची. तो वाकून झोळीतल्या तान्ह्याच्या कपाळाला विभूती लावायचा. दृष्ट लागू नये म्हणून.

आणि त्याच दिवशी रात्री, दिवा बारीक केल्यावर, हीच माझी आई म्हणायची, “डोळं मीट गप. न्हाईतर झोळीवाला यील, झोळीत घालून न्हील.”

दुपारचा गोसावी आणि रात्रीचा झोळीवाला ही एकच व्यक्ती आहे, हे मला कळत होतं. तरी दोघं वेगळे वाटायचे. दुपारच्याला मी पाणी नेऊन द्यायची, रात्रीच्याला घाबरून पांघरूण ओढायची. लहान मुलांना अशा दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानायला अडचण येत नाही. मोठ्यांनाही येत नाही, हे फार उशिरा कळलं.

आमचा मंगळवेढा तालुका. ज्वारीचा. इथल्या काळ्या रानातल्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग कायम पाण्यावाचून. पाऊस झाला तर रान, नाही तर वाट. या भागात वाट हीच ज्यांची शेती, अशी डवरी गोसाव्यांची घरं अनेक गावांत आहेत. नवनाथांचे भक्त, कानिफनाथांच्या मढीच्या जत्रेला जाणारे. घर म्हणून चार पत्रे, राहणं मात्र वर्षातले बरेच महिने परमुलखात, पालांमध्ये.

मागणाऱ्याबद्दल मंगळवेढ्याला वेगळं सांगायची गरज नसावी. गावाचं दैवतच दामाजीपंत. बिदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी दुष्काळात उपाशी माणसांच्या पदरात रिकामं केलं, आणि मग पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन त्या धान्याचे पैसे भरून आला, ही कथा आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ असते. कीर्तनात ती रंगायची तेव्हा बायका डोळे पुसायच्या. अंगावर घोंगडी, हातात थैली, नाव-गाव कुणाला माहीत नाही, असा माणूस परक्या मुलखातल्या दरबारात उभा राहतो, आणि पहारेकरी त्याला आत सोडतात. आता वाटतं, त्या कथेतला खरा चमत्कार बहुधा हाच.

डी.एड. करायला सोलापूरला आले तेव्हा एका मैत्रिणीचं घर सेटलमेंटमध्ये होतं. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता ती सहज सांगायची, रिक्षावालाही सहज घेऊन जायचा. मला वाटलं, एखाद्या साहेबाचं नाव असेल. तिच्या आजोबांनी सांगितलं ते ऐकून हातातला चहा तसाच राहिला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, गिरण्यांत कामाला न्यायचं आणि परत आणून मोजायचं. सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक होती. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं कुंपण तसंच होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. “तार काढली,” आजोबा म्हणाले होते, “पण लोकं आमच्याकडं बघत्यात ते तारंतनंच.”

डवरी गोसावी त्या कुंपणातले नव्हेत. ते भटके, त्या कायद्यातून सुटलेले विमुक्त नाहीत. सरकारी यादीत हा फरक आहे. पण गावाच्या नजरेला यादी माहीत नसते. ज्याला शेत नाही, ज्याच्या पायाला वाट आहे, त्याच्याबद्दल आधी संशय, ही शिकवण आईनं दिली तशी कायद्यानंही दिली होती, आणि कायदा तर आईच्याही आधीचा.

मग मी तालुक्यातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. वर्गात डवरी गोसाव्यांची दोन-तीन मुलं कायम असायची. म्हणजे हजेरीपटावर असायची. दिवाळीनंतर बाकावरून गायब. जून उलटला तरी काही कुटुंबं परतलेली नसत. एक मुलगा मला विशेष आठवतो. गणितात यथातथा, पण महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला लावला की उभा राहायचा. नंदुरबार, शहादा, नवापूर ही नावं बाकीच्यांनी ऐकलेलीही नव्हती. हा तिथं कुठल्या ओढ्याकाठी पाल टाकायला जागा मिळते आणि कुठला पोलीस पाटील वर्दी दिल्याशिवाय उतरू देत नाही, ते सांगायचा. मी त्याला पाठ म्हणून भूगोल शिकवत होते, आणि तो पायांनी शिकलेला होता. मधल्या सुट्टीत मुलं त्याला काय चिडवत? “झोळीत काय आणलंय रं? पोरगं?” तो हसायचा. मी छडी आपटायची, मुलं पळायची, विषय संपायचा.

२०१८ च्या मे-जूनमध्ये सगळ्यांच्या फोनवर एकच चित्रफीत फिरत होती. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आली. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. खाली मजकूर: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा. ती फीत कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला बनवलेल्या त्या फिल्ममध्ये शेवटी तेच मोटरसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला होता.

१ जुलै, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. पिंपळनेरजवळ पालं टाकून राहिलेल्या डवरी गोसाव्यांपैकी पाच जण भिक्षेसाठी तिथं गेले. त्यातला कुणीतरी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं. पाचातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले.

रात्री टीव्हीवर गावांची नावं आली, तेव्हा आम्ही जेवत होतो. खवे, मानेवाडी. पाहुण्यारावळ्यांची, येण्याजाण्यातली गावं. शेजारणीचा फोन आला, “अगं, हे तर आपल्याकडचे.” ‘आपल्याकडचे’ हे तिला त्या दिवशी कळलं. दारात यायचे तेव्हा ते कुणीकडचे होते, कोण जाणे.

त्या खोलीत काय झालं त्याचीही चित्रफीत निघाली. ती मी पाहिली नाही. पाहिलेल्या माणसांनी सांगितलं त्यातलंही इथं काही लिहिणार नाही.

पण एक गोष्ट मला अनेक दिवस सोडत नव्हती, अजूनही सोडत नाही. कराचीच्या त्या फितीत झोळी नव्हती. भगवं कापड नव्हतं, माळा नव्हत्या, डौर नव्हता. मोटरसायकल होती. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी खरं तर मोटरसायकलवाल्यांना अडवायला हवं होतं. पण बाजारात पायी फिरणारी, भिक्षा मागणारी माणसं दिसली आणि शेकडो लोकांना एकदम ओळख पटली. ओळख फोनमधून आली नव्हती. ती माजघरातली होती, दिवा बारीक केल्यानंतरची. राईनपाड्यातल्या आयाही मुलांना असंच काहीतरी सांगून झोपवत असतील. फोननं त्या सांगण्यावर फक्त तारीख आणि आपल्या भागाचं नाव घातलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चांगलं केलं. आईनं दिलेला संदेश मात्र पिढ्यान्‌पिढ्या मर्यादेशिवाय पुढं जातोय.

राईनपाड्याला शिव्या देणं आमच्याकडं फार सोपं झालं होतं. आडरानातली माणसं, अडाणी, असं बोललं जायचं. ती वस्ती आदिवासींची. त्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं स्वतःच पोटासाठी ऊस तोडायला गुजरातेत जातात, झाडाच्या फांदीला लुगडं बांधून तान्ही पोरं त्यात ठेवतात. मेलेले आणि मारणारे, दोघांचंही बिऱ्हाड पाठीवर. घटनेनंतर पोलिसांच्या भीतीनं गावातले पुरुष पसार झाले, घरांना कुलपं लागली, पेरणीचे दिवस तसेच गेले. ज्यांनी हात उचलला त्यांना शिक्षा व्हायलाच हवी, त्यात मला किंतु नाही. पण अडाणीपणाचं म्हणाल, तर फीत आमच्या ग्रुपवर टाकणारा इंजिनिअर होता.

१ जुलैच्याच रात्री तिकडं मालेगावातही जमाव जमला होता, तशाच संशयानं, भिक्षेकरी कुटुंबाभोवती. पाच जण, त्यात दोन वर्षांचं मूल. तिथल्या एका मुस्लिम घरानं दार उघडून त्यांना आत घेतलं आणि पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवलं. पाचही वाचले. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलैला झुंडबळींबद्दल निकाल दिला, राज्यांना सूचना दिल्या, जिल्ह्याजिल्ह्यात अधिकारी नेमायला सांगितले. मला मात्र त्या सगळ्यात मालेगावचं ते दार जास्त आठवतं.

इकडं पार्थिवं आली. नातेवाइकांनी आधी ती ताब्यात घ्यायलाच नकार दिला होता. मेल्यावर तरी कुणी दखल घ्यावी म्हणून. सरकारनं प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर केली, पुढाऱ्यांच्या गाड्या कधी न पाहिलेल्या रस्त्यांवरून आल्या आणि गेल्या. आम्ही काही शिक्षिका भेटायला गेलो. बायका पालात नव्हे, घरात बसल्या होत्या. पावसाळ्यात घरात बसणं त्यांच्या सवयीचं, पण अशा बसण्याची सवय कुणाला असते? एक म्हातारी सारखं एकच विचारत होती, “मागून खाणाऱ्याला कुणी मारतंय व्हय?” तिला उत्तर नको होतं. उत्तर आमच्याकडं नव्हतंही, त्यामुळं बरं झालं.

त्या हिवाळ्यात आमच्या दारात डौर वाजला नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. आईची नव्वदी जवळ आली होती. ती विचारायची, “ह्या साली गोसावी कसा आला न्हाई?” तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

आणि धुळ्याकडं बोट दाखवणाऱ्या आमच्या बाजूचं सांगायचं तर २०२२ चा सप्टेंबर. जत तालुक्यातलं लवंगा, म्हणजे माझ्या आजोळच्या मुलखातलं गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला गाडीनं निघालेले, वाट विचारायला थांबले. मुलं पळवणारे म्हणून त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. ते वाचले, एवढंच. देवाला निघालेल्या माणसानं पंढरीची वाट विचारली, आणि ती सांगायला लोकांनी काठ्या घेतल्या. त्या आठवड्यात आमच्याकडं कुणी ‘अडाणी’ हा शब्द वापरला नाही.

मी निवृत्त झाले त्यालाही आता बरेच दिवस झाले. गेल्या वर्षी मंगळवेढ्याच्या स्टँडवर एक दाढीवाला पाया पडला. “बाई, वळखलं न्हाई?” नकाशापाशी उभा राहणारा तो. अंगात शर्ट-पँट, पाठीला शाळेच्या पोरांची असते तशी निळी बॅग. अजून फिरतोस का, विचारलं तर म्हणाला, “फिरायचं न्हाई तर खायाचं काय? पर आता झोळी न्हाई न्हेत. भगवं बी घालत न्हाई. डौर बॅगंत. गावात गेलं की आधी पोलीस पाटील, मग देऊळ, मग काढायचा.” बॅग उघडून त्यानं डौर दाखवला, टॉवेलात गुंडाळलेला.

त्याचं एक काम होतं. शाळेचा दाखला हवा होता, फोटो लावलेला, मी याला ओळखते असं लिहिलेला. आधार कार्ड आहे की, मी म्हटलं. “ते मारताना कोण वाचतंय? बाईंच्या सहीचं असलं तर निदान कुणी शिकलेला हातात घील.” कागद भिजतो, म्हणून त्याला तो फोनवरच हवा होता. व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाला.

“आणि त्यात एक लिवा, बाई. ह्याला स्वतःची तीन लेकरं हायती म्हणून.”

दाखल्यात असं लिहीत नाहीत, मी सांगितलं.

“लिवा की. ज्याच्या घरात तीन खाणारी हायती त्यो चौथं कशाला न्हील?”

मी त्याच्यासोबत शाळेत गेले. हल्लीचे मुख्याध्यापक चांगले आहेत. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, त्याचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं उतरवून दाखला दिला. लेकरांचं वाक्य तेवढं गाळलं. तसा रकानाच नसतो, म्हणाले. मग मी वहीच्या कागदावर ते वाक्य वेगळं लिहिलं, खाली माझं नाव, ‘निवृत्त शिक्षिका’, आणि माझा फोन नंबर. त्यानं दोन्ही कागदांचे फोटो काढले, नीट आलेत का ते बोटांनी मोठे करून पाहिलं, आणि म्हणाला, “फोन आला तर उचला हं, बाई. रात्रीचा आला तरी.”