एक खलनायक पुरे

गणपती बसायला तीन आठवडे राहिले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून बसलो होतो. इतक्यात आमचे चिरंजीव मित्रांची पलटण घेऊन आत आले आणि त्यांनी वहीतून फाडलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. गेल्या वर्षी सोसायटीच्या उत्सवात या मंडळींनी एक नाटुकले केले होते. गच्चीवर वीज पडून अचाट शक्ती मिळालेला एक मुलगा टाकीतले पाणी पळवणाऱ्या दुष्टाचा पाडाव करतो, असे त्याचे कथानक. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. यंदा त्याचाच दुसरा भाग करायचा होता आणि मी मराठी शिकवतो या एकाच गुन्ह्यासाठी संवाद मी लिहायचे होते. कागदावर नायक एक होता आणि त्याच्याखाली खलनायक सात.

"सात कशाला रे?" मी विचारले.

"बाबा, दुसऱ्या भागात जास्त लागतात. पहिल्या भागात एकाला हरवलं, आता पुन्हा एकच आणून काय उपयोग? आणि आम्ही आठ जण आहोत."

या युक्तिवादाचा उत्तरार्ध बिनतोड होता. पूर्वार्ध मात्र मला मान्य नव्हता, कारण नेमक्या याच हिशेबाने फसलेले चित्रपट मी पाहिले आहेत. इथे एक कबुली द्यायला हवी. चाळिशी ओलांडलेला, वर्गात ज्ञानेश्वरी शिकवणारा मी, आकाशात उडणाऱ्या माणसांचे हे अमेरिकन चित्रपट आवडीने पाहतो. मुलाला सोबत म्हणून जातो असे घरी सांगतो. सौभाग्यवतींचा त्यावर विश्वास नाही.

१९९७ सालचा 'बॅटमॅन अँड रॉबिन' घ्या. त्यात सगळे गोठवत सुटलेला मिस्टर फ्रीझ आहे, विषवल्लीसारखी पॉयझन आयव्ही आहे आणि तिच्यामागून हमालासारखा हिंडणारा बेन आहे. तिघेही येतात, दंगा करतात, जातात. बॅटमॅनच्या मनावर साधा ओरखडाही उठत नाही. त्यानंतर बॅटमॅनचा पुढचा चित्रपट यायला २००५ साल उजाडले. गंमत अशी की, तोच बेन २०१२ साली 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये पुन्हा आला आणि त्याने बॅटमॅनची पाठ मोडली, तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. खलनायक तोच, पण वापर निराळा.

मग खलनायक वापरायचा कसा? मला याचे उत्तर आपल्या पुराणांत सापडते. हिरण्यकश्यपूने वर मागून घेतला की, मरण दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. देवाला त्या वरातली फट शोधून नरसिंह व्हावे लागले. रावणाने देवदानवांपासून अभय मागितले आणि माणसाला तुच्छ समजून वगळले, म्हणून राम माणूस झाला. म्हणजे आपल्याकडे नायक हा खलनायकाच्या वरातल्या फटीतून आत येतो. चित्रपटाच्या चांगल्या दुसऱ्या भागात याच्या नेमके उलट घडते. पहिल्या भागात वर मिळालेला असतो तो नायकाला. त्या वरातही कुठेतरी फट राहिलेलीच असते, आणि खलनायकाने तिथूनच आत यायला हवे.

१९८० सालच्या 'सुपरमॅन २'मधला जनरल झॉड आणि त्याचे दोन साथी असेच येतात. त्यांना शिक्षा झालेली आपण १९७८ सालच्या पहिल्या चित्रपटाच्या आरंभीच पाहिलेली असते. पृथ्वीवर येताच त्यांच्या अंगी सुपरमॅनइतकेच बळ येते, आणि नेमके त्याच वेळी सुपरमॅनने प्रेमापायी आपली शक्ती टाकून दिलेली असते. २००८ सालच्या 'द डार्क नाइट'मधल्या जोकरला पैसा नको असतो. नोटांचा डोंगर तो खुशाल पेटवून देतो. जीव घ्यायचा नाही हा बॅटमॅनचा नियम, आणि तो त्याने मोडावा, एवढेच जोकरला हवे असते.

पण माझा जीव गुंतला आहे तो २००४ सालच्या 'स्पायडरमॅन २'मध्ये. त्यातला पीटर पार्कर अचाट शक्ती असूनही भाड्याच्या खोलीत राहतो, पिझ्झा पोचवायची नोकरी घालवतो, कॉलेजात उशिरा पोचून बोलणी खातो. देणगी मिळाली खरी, पण तिने आयुष्य खाऊन टाकले, ही त्याच्या मनातली फट. त्या फटीतून येतो तो डॉक्टर ऑटो ऑक्टेव्हियस. हा आधी राक्षस नसतोच. तो शास्त्रज्ञ असतो, आणि पीटर त्याच्याकडे शिष्याच्या आदराने जातो. बुद्धी ही मानवजातीच्या भल्यासाठी मिळालेली देणगी आहे, असे तो या पोराला जेवणाच्या टेबलाशी समजावून सांगतो. पुढे प्रयोग फसतो. त्यात त्याची पत्नी जाते. पाठीला जोडलेल्या चार यांत्रिक भुजांना आवरणारी मानेवरची चकती जळते आणि त्या भुजाच त्याला हाकू लागतात.

अखेरच्या प्रसंगी पीटर त्याला ठोशाने जिंकत नाही. मुखवटा काढून तो गुरूला त्याचेच वाक्य परत देतो. आणि ऑक्टेव्हियस ते ऐकतो, आपले यंत्र आपल्याच हाताने नदीत बुडवतो, त्याच्यासह स्वतःही बुडतो.

हा प्रसंग आला की मी चष्मा पुसू लागतो. त्याचे कारण सांगतो. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला सांगतो, की चुकलेल्या उत्तराला हसायचे नाही, ते कुणीतरी धीर करून दिलेले असते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने एका ओवीचा भलताच अर्थ सांगितला आणि मला हसू आवरले नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. मी त्यावर एक कोटी केली. वर्ग खो खो हसला. आपल्या विनोदाला हशा मिळाला की माणसाला भुजा फुटतात, मग त्या भुजाच त्याला हाकतात. मी आणखी एक कोटी केली.

तास संपल्यावर तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. "सर, पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात..." एवढेच त्याने म्हटले. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी घड्याळाकडे पाहिले आणि "नंतर ये, माझा तास आहे," असे सांगितले. माझा तास नव्हता. तो नंतर आला नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसत राहिला, वर्षभर त्याने एकदाही हात वर केला नाही, आणि पास होऊन निघून गेला. माझेच वाक्य मला परत मिळाले होते. ऑक्टेव्हियसने ते घेतले, मी घेतले नाही.

म्हणून मला वाटते की, खलनायकाला नुसते येण्याचे दार ठेवून भागत नाही, परतण्याचेही ठेवावे लागते. तो परततो की नाही हा त्याचा प्रश्न, पण दार उघडे असले तरच आपला जीव टांगणीला लागतो. २००७ सालच्या 'स्पायडरमॅन ३'मध्ये सँडमॅन आहे. वाळूचा कण न् कण गोळा होऊन तो उभा राहू पाहतो, आणि हात जातो तो आजारी मुलीची तसबीर असलेल्या लॉकेटकडे. एवढा सुंदर प्रसंग! पण शेजारी व्हेनम आहे, सूडाने पेटलेला मित्र हॅरी आहे, आणि या गर्दीत बिचाऱ्या वाळूवाल्याला बोलायला वेळच उरत नाही. त्यातून, काकांचा खरा खुनी हाच, असे सांगून लेखकांनी पहिल्या भागाचा पायाच उकरला. आपण सोडून दिलेल्या चोराने काकांना मारले, ही पीटरची टोचणी त्याने बोथट झाली.

याउलट २०२१ सालच्या 'स्पायडरमॅन : नो वे होम'मध्ये खलनायक पाच, तरी गर्दी वाटत नाही, कारण त्या पाचांपुढे प्रश्न एकच असतो. यांना मरणाकडे परत पाठवायचे की बरे करायचे? बरे करू पाहणाऱ्या नायकाला त्यापायी आपली काकू गमवावी लागते. तिथे ऑक्टेव्हियसला नवी चकती मिळते आणि तो शुद्धीवर येतो, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या चिरंजीवांनी "बाबा, रडताय का?" असे मोठ्याने विचारले होते.

एवढे सगळे मी त्या पलटणीला सांगितले, स्टाफरूमचा भाग वगळून. मग खलनायक ठरला एकच, आणि तोही गेल्या वर्षी नायकाला पाण्याच्या टाकीची कळ दाखवणारा, सर्वांचा लाडका वॉचमनकाका.

"मग बाकीच्या सहा जणांनी काय करायचं?" एका चष्मेवाल्याने रडवेल्या सुरात विचारले.

मी त्याला ती आगगाडी सांगितली. धावती गाडी थोपवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला उतारू हातांवर झेलून आत घेतात, आणि ऑक्टेव्हियस आला की तीच साधी माणसे त्याच्या आडवी उभी राहतात. 'द डार्क नाइट'मधल्या दोन बोटींचेही तसेच. दुसरी बोट उडवायची कळ प्रत्येकीकडे दिलेली असते, पण ती कुणीच दाबत नाही. खलनायक नायकापाशी कितीही जिंको, या लोकांपाशी तो हरतो. सहा जणांना याहून मोठे काम कोणते?

हे त्यांना पटले. सगळे निघाले. चिरंजीव दारातून परत वळले.

"बाबा, वॉचमनकाका शेवटी ऐकतो का?"

"ते शेवटच्या प्रवेशापर्यंत त्यालाही माहीत नसतं," मी म्हणालो.

मुले गेली. मी उत्तरपत्रिका पुढे ओढली. पहिल्याच पानावर एका ओवीचा भलताच अर्थ लिहिलेला होता. मी तो दोनदा वाचला आणि समासात लिहिले, 'येऊन भेट. यावर बोलू.'