हवेचा बंदोबस्त

वैशाखातील दुपारी ज्या गृहस्थाच्या कूलरमधून वारा पुरेसा येत नाही, त्याचा पहिला आरोप असतो तो पंख्यावर. आणि त्या सबंध यंत्रात पंखा हाच बहुधा सर्वांत निरपराध असतो. अकोल्याच्या मानाने आमचे वाशिम बरेच उंचावर, सुमारे ५५० मीटरांवर वसलेले असल्यामुळे येथील उष्मा सौम्य, असा आम्हां वाशिमकरांचा अभिमान आहे. परंतु पारा बेचाळीस अंशांपलीकडे सरकला, की त्या अभिमानातला ओलावाही सुकून जातो आणि जो तो कूलरच्या तोंडाशी बसण्याची जागा शोधू लागतो.

माझे बालपण ज्या धाब्याच्या घरात गेले, तेथे वाऱ्यासाठी यंत्र नव्हते. हातभर रुंद मातीच्या भिंती, अंगणाकडे उघडणारे ठेंगणे दार आणि छतात एक सवणे, एवढीच सामग्री. पण तापून हलकी झालेली हवा त्या सवण्यातून वर निघून जाई आणि तिची रिकामी झालेली जागा घेण्यास सावलीतली हवा दारातून आपण होऊन आत येई. वळवाचा पाऊस आला, की कोणीतरी छतावर धावत जाऊन सवण्यावर परात उपडी घालावी, एवढीच काय ती त्याची चाकरी.

सरकारी इमारतींची तऱ्हा निराळी. इंग्रजी अमदानीत वाशिम हा १९०५ सालापर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, आणि कचेरीत कारकुनी केलेल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात दारांवरच्या वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारणारा शिपाई आणि व्हरांड्यात बसून छताचा झालरीचा पंखा दोरीने ओढणारा पंखेवाला ही मंडळी वारंवार येत. एकोणिसाव्या शतकातील साहेबलोकांनी यापुढे जाऊन ओल्या वाळ्याच्या भिंतींची पेटी करून आत हाताने फिरवायचा पंखा बसविला व त्या वस्तूला ‘थर्मॅन्टिडोट’ असे भारदस्त नाव दिले. आज आमच्या खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असलेला पत्र्याचा कूलर त्याचाच वंशज, फक्त हात फिरविणाऱ्या माणसाच्या जागी वीज आली.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाले, गावाबाहेर ले-आउट पडले, आणि सवण्याच्या घरातून आम्ही स्लॅबच्या घरात आलो. तेथे कूलर बसविला, तो पहिल्या उन्हाळ्यात उत्तम चालला आणि पुढे त्याचा वारा मंदावत गेला. मिस्त्री आला, त्याने पंखा हाताने फिरवून पाहिला, ताटीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, “काकाजी, पंख्याले काहीच झालं नाही. ताट्या चोंदल्या. अन् खोलीतली हवा बाहेर जाईन कुठून?”

या शेवटच्या दोन वाक्यांत सगळे शास्त्र आले. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता हवेतून काढून घेते, म्हणूनच कोरड्या मे महिन्यात कूलर हवा दहा-पंधरा अंशांनी उतरवितो आणि आषाढात नुसता चिकट वारा देतो. पण वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, बोअरच्या जड पाण्यातील क्षार मागे राहतात, आणि ते ताटीच्या काड्यांवर पांढरे कवच धरून वाऱ्याची वाट अडवितात. ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीची छिद्रेही त्याच क्षारांनी बुजतात. मग ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहतो आणि तेथून आत येते ती निव्वळ झळ. यावर उपाय म्हणजे टाकीतले पाणी मधूनमधून पूर्ण सोडून देणे, नळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून छिद्रे सुईने मोकळी करणे आणि ताट्या दरसाल बदलणे. यांपैकी पहिला उपाय गावाला पाणी पुरविणाऱ्या एकबुर्जी धरणाचे पाणी तळाशी गेले असता आणि नळ काही दिवसांच्या अंतराने येत असता कोणास सांगण्याचे धाडस होत नाही. आमच्याकडे ते पाणी बादल्यांनी काढून न्हाणीघरात लावले जाते.

मिस्त्रीच्या प्रश्नाचा निकाल मात्र उदबत्तीने लागला. कूलर चालू ठेवून दाराच्या फटीशी ती धरली, तेव्हा धूर जोराने बाहेर ओढला गेला. दार किलकिले करताच कूलरचा वारा एकदम मोकळा सुटला. हवेने भरलेल्या खोलीत आणखी हवा कोंबण्याची शिक्षा आम्ही त्या पंख्याला देत होतो. परंतु दार उघडे ठेवावे तर धूळ आणि मांजर, दोहोंचा घरात मुक्त संचार! अखेर समोरच्या भिंतीत छताखाली हातभर झरोका पाडून त्यास जाळी बसविण्याची तजवीज केली; चिरंजिवांनी नव्या भिंतीच्या रंगासाठी रीतसर हरकत नोंदविली, ती फेटाळण्यात आली. गवंड्याने मजुरी लावली ती बांधकामाच्या दराने. भोक पाडण्याचा निराळा दर त्याच्यापाशी नव्हता.