प्रश्न ठेवला

केळापूर हे तालुक्याचे नाव असले, तरी तालुक्याची कचेरी, न्यायालय आणि बाजारपेठ ही सारी पांढरकवड्यास आहेत. नाव आणि नवरात्रातील जगदंबेची यात्रा एवढेच काय ते केळापूर गावाच्या वाट्यास राहिले. नाव एकाचे आणि अंमल दुसऱ्याचा, ही स्थिती मला चांगली परिचयाची आहे. कारण जिल्ह्यातील एका कचेरीत साक्षीदारांच्या जबान्या उतरून घेण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. कायद्याचा दंडक असा, की साक्ष सामान्यतः कथनरूपाने लिहावी. प्रश्नोत्तरे नोंदविण्याची मुभा हाकिमास आहे, पण आमच्याकडे ती क्वचितच वापरली जाई. त्यामुळे वकिलाने चार वेळा खोदून विचारावे, साक्षीदाराने कंटाळून 'हो जी' म्हणावे, आणि दप्तरात मात्र 'मी समक्ष पाहिले' असे निःशंक, सुबक वाक्य, जणू ते त्या बापड्याने आपणहून उच्चारले, अशा थाटात दाखल व्हावे. माझे अक्षर सुरेख होते, याचा त्या काळी मला अभिमान वाटे.

गेल्या दिवाळीत बहिणीची मुलगी आली. पुण्यास एका विद्यार्थी-नभोवाणी केंद्रात ती निर्मिती सहायिका म्हणून नुकतीच रुजू झाली आहे. अशी केंद्रे आपल्याकडे फार जुनी नाहीत. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्यात होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने १९९५ साली दिला. शिक्षणसंस्थांना परवाने देण्याचे धोरण २००२ च्या अखेरीस ठरले आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये बोलू लागले. परवान्याची आशाही नव्हती अशा काळी, १९४२ च्या ऑगस्टात, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, आणि नोव्हेंबरात पकडल्या गेल्यावर, उत्तर देणे बंधनकारक आहे काय, असे न्यायाधीशांस विचारून, नाही असे कळताच, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा एकाही प्रश्नास उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. प्रश्नाचे वजन त्यांना ठाऊक होते; ते मला नोकरीत असेतो कळले नाही.

वेचणीचे दिवस होते, वेचणी सुरू करण्याआधीची सीतादहीची पूजाही होऊन गेली होती. भाचीने एका वावरात कापूस वेचणाऱ्या बाईचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि रात्री संगणकावर ते कापून-जोडून मला ऐकविले. "वावर त्यायच्या नावानं हाये, मी तं नुसती राबतो," असे म्हणून बाई मोकळेपणी हसत होती. (कचेरीत असतो तर 'राबतो'चे 'राबते' मी नकळत केले असते, वऱ्हाडातील बाया असेच बोलतात, हे ठाऊक असूनही.) किती आनंदी बाई आहे, असे मी म्हणालो. भाची क्षणभर गप्प झाली.

"मामा, तिथे माझा प्रश्न होता. तो मी काढला. विचारणाऱ्याचा आवाज गाळायचा, असं आम्हाला शिकवलंय."

"काय विचारलं होतंस?"

"सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, असं."

पहाटेपर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी तिने पुन्हा ऐकविले. आता आधी तिचा स्वतःचा, थोडा घाबरलेला, शहरी वळणाचा प्रश्न येत होता, मग वाऱ्याची सळसळ, आणि मग तेच हसू. परंतु ते हसू आता आनंदाचे नव्हते, विचारणारीच्या भाबडेपणाला आलेले होते. एका वाक्याने सारी साक्ष फिरली. मी उतरलेल्या शेकडो जबान्यांतून असे किती प्रश्न गळाले असतील, हा हिशेब त्या सकाळी मी मनाशी मांडू पाहिला आणि सोडून दिला.

त्या केंद्राचा पल्ला जेमतेम पुण्याच्या काही भागापुरता; केळापूर तालुक्यातील तो आवाज केळापुरात कधी पोहोचणार नव्हता. म्हणून परत जाण्यापूर्वी भाची मोबाइल घेऊन त्या बाईच्या अंगणात गेली, मलाही सोबत नेले. बाईने सगळे लक्ष देऊन ऐकले. आपल्या हसण्याविषयी ती काही बोलली नाही. कृषी केंद्रातील उधारीचा आकडा तेवढा काढून टाक, असे तिने सांगितले, आणि भाचीने तिथेच बसून आकडा काढला, प्रश्न ठेवला.