समोरून येणारा ट्रक

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आकाशातून एकदा काय आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. लोणारला जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर! ती उल्का काही सांगून आली नव्हती. सूर्य त्या मानाने सभ्य. तिथे स्फोट होऊन चुंबकीय वायूचा प्रचंड ढग आपल्याकडे निघाला, तर पोचायला साधारण १५ तास ते ३-४ दिवस घेतो. मग अडतं कुठे?

पहिली अडचण, तो खरंच आपल्याकडे येतोय का? सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं प्रभामंडळ बघणारी दुर्बीण असते. ढग बाजूला गेला तर छान दिसतो. सरळ आपल्याकडे निघाला तर तबकडीभोवती नुसतं फुगणारं कडं दिसतं. रात्री मेहकर रोडला समोरून ट्रक यावा तसं. दिवे दिसतात, वेग कळत नाही. त्यात गंमत म्हणजे ढग पलीकडच्या बाजूला गेला तरी कडंच दिसतं! म्हणून स्फोट अलीकडच्या बाजूला झाला का, हे तबकडीवरही बघावं लागतं. आपल्या आदित्य-एल१ यानावर दोन्ही सोयी आहेत. तबकडी बघणारी 'सूट' दुर्बीण तर पुण्याच्या आयुकाने बनवलेली.

दुसरी अडचण जास्त वाईट. ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर दणका मोठा, उत्तरेकडे असेल तर बरंचसं निभावतं. आणि ही दिशा लांबून खात्रीने कळत नाही. ढग १५ लाख किलोमीटरवरच्या यानावर आदळला, की मगच कळते. सेकंदाला ८०० किलोमीटरचा वेग धरला, तर हातात उरतो जेमतेम अर्धा तास.

२ सप्टेंबर १८५९ ला मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने असंच एक वादळ टिपलं. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. तेव्हा गोंधळ झाला तो तारयंत्रांचा. १३ मार्च १९८९ च्या त्याहून लहान वादळात कॅनडातल्या क्वेबेकची ग्रिड दीड मिनिटात कोसळली, ६० लाख लोक सुमारे ९ तास अंधारात!

आता ऑन-कॉल ड्युटी केलेल्यांनी सांगा. दोन दिवस आधी अर्धवट माहितीवर सगळ्यांना उठवायचं, की खात्री होईपर्यंत थांबून अर्ध्या तासात धावपळ करायची? मला विचाराल तर आधीच उठवा. चार वेळा फुकट उठलेलं परवडतं.