शिदोरी आणि पाणी

गाडी सुटली की माणसाला भूक लागते. घरून भरपेट जेवून निघालेला मनुष्यही गावाची वेस मागे पडली न पडली तोच पिशवीकडे पाहू लागतो. या भुकेचा पोटाशी फारसा संबंध नसावा. ती बहुधा चाकांच्या आवाजाने जागी होते. धाराशिव ते तुळजापूर हा काही लांबचा प्रवास नव्हे. तरी तेवढ्या वाटेतही एस.टी.त कोणी शेंगा फोडीत असतो, कोणी फुटाण्यांची पुडी सोडीत असतो आणि खिडकीशी बसलेले पोर आईचा पदर ओढून 'काहीतरी दे ना' म्हणून हट्ट धरीत असते. 'काहीतरी' म्हणजे काय, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

अशा फुटकळ खाण्याला कोणी फारसा मान देत नाही. पण मुलखाची ओळख पंगतीपेक्षा शिदोरीवरून लवकर पटते. पंगतीत पाहुण्यासाठी चार पदार्थ मुद्दाम केलेले असतात. शिदोरीत मात्र जे शेतात पिकते आणि जे वाटेत टिकते, तेवढेच बांधले जाते.

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वळणाच्या घरची शिदोरी सोडून पाहावी. फडक्याची गाठ सुटताच लसणाचा वास दरवळतो. आत ज्वारीच्या पिठाचे, तेल सोडून खरपूस भाजलेले धपाटे असतात. शेंगदाण्याची तिखट चटणी असते. लांबचा पल्ला असेल, तर पापडासारखी वाजणारी कडक भाकरी असते, किंवा पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या असतात. कोपऱ्यात गुळाचा खडा असतोच. या साऱ्या जिनसांत एक गोष्ट सारखी आहे: यांतून पाणी होईल तेवढे हद्दपार केलेले आहे. अन्नाला बुरशी येते ती ओलीमुळे. ओल गेली की बुरशीचे बळ जाते. घरातल्या आजीने हे शास्त्र कुठल्याही पुस्तकात वाचलेले नसते. 'वली चटणी वाटंत इटते, कोरडीच बांध,' एवढे सांगून ती मोकळी होते. स्थानकावरची कांदाभजी याच कारणाने दुबळी. कढईतून निघाल्यावर दहा मिनिटे तिच्यासारखी चीज नाही, हे कबूल केले पाहिजे; पण कांद्यातली ओल लगेच आपला प्रताप दाखवू लागते आणि कागदात बांधून घेतलेली भजी पुढच्या गावापर्यंत मऊ पडून केविलवाणी होते.

भूम तालुक्यातल्या डोंगराळ गावांनी हेच शास्त्र दुधाला लावले. बालाघाटाच्या रांगांत जनावरे पुष्कळ आणि शहरे दूर. दूध शहरात पोचेपर्यंत नासायचे. दुधात शंभरातले ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. तेव्हा ते पाणीच वाटेला का लावू नये? मोठ्या कढईत दूध ओतून खाली जाळ घालायचा आणि खुरपीने एकसारखे ढवळीत राहायचे. हात थांबला की दूध करपले. सुमारे पाच लिटर दूध आटले म्हणजे किलोभर खवा हाती येतो. त्याच तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे. तिथल्या पेढ्याची पुडी घेतल्याशिवाय त्या बाजूने जाणाऱ्या प्रवाशाचा पाय निघत नाही. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तेव्हा वाटसरूने कोरडा घास सोबत घ्यावा आणि पाणी वाटेवरच्या गावाने द्यावे, असा या भागातला जुना, न लिहिलेला करार. दारी आलेल्या माणसाला नुसते पाणी द्यायचे नसते. तांब्याबरोबर गुळाचा खडा पुढे करायचा असतो. उन्हातून आलेल्याने एकदम गटागटा पाणी पिऊ नये, आधी काहीतरी तोंडात टाकावे, अशी त्यामागची काळजी. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत रांजण मांडून पाणपोई घालणे हे पुण्याचे काम मानले जाई. शिदोरी घरची, पाणी परक्याचे. त्या परक्याचे नाव पुष्कळदा विचारायचेही राहून जाई.

तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे; पण त्याही पूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात त्याचा 'तगर' म्हणून उल्लेख येतो. पैठणहून तगरला पोचायला दहा दिवस लागतात आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, असे तो ग्रंथकार सांगतो. त्याला काम मालाशी. गाडीवानाच्या फडक्यात काय बांधले होते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. पण इतक्या दिवसांच्या वाटेवर बैलांना आणि माणसांना पाणी पाजणारी गावे असल्यावाचून ते कापड समुद्रापर्यंत पोचले नसते, एवढे खास.

गाड्यांची जागा पुढे आगगाडीने घेतली. 'बार्शी लाइट' म्हणून ओळखली जाणारी अडीच फूट रुंदीची रेल्वे १८९७ साली बार्शीला आली आणि येडशी, ढोकीवरून १९११ साली लातूरला पोचली. तिच्या चालीला घाई माहीत नव्हती. त्यामुळे शिदोरी सोडायला निवांत वेळ मिळे. डब्यात एकाने फडके सोडले की समोरच्याला विचारल्यावाचून घास घेणे वाईट दिसे.

"घ्या की पाव्हणं, एक धपाटं."

"नको, आत्ताच जेवून निघालोय."

"आवो, वाटंत कोन जेवतंय? हे तर नुस्तं तोंडात टाकायचं."

मग नको म्हणणारा दोन धपाटे खाई आणि आपल्या पिशवीतला गूळ काढून देई. गाव कोणते, पाऊस कसा, सोयरीक कुठली, हे सारे त्यानंतर निघे.

पण पाण्याने आपला शब्द मोडला, तर या कराराचे काय होते? तसे या जिल्ह्यात अनेकदा झाले. १९७२ च्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले आणि शेतकरी कुटुंबेच्या कुटुंबे खडी फोडायला, तलावांची माती उपसायला गेली. परदेशातून आलेली 'मिलो' नावाची तांबडी ज्वारी लोकांनी खाल्ली. दुष्काळी कामांवर 'सुकडी' वाटली जाई, भाजलेल्या पिठाचा तो गोडसर, कोरडा खाऊ. एरवी पोरांनी खेळता खेळता खावी अशी ती वस्तू. त्या वर्षी दिवसभर दगड फोडणाऱ्या मोठ्या माणसांचा तो आधार होता. त्या पिढीतले वृद्ध सुकडीचे नाव निघाले की अजून क्षणभर गप्प होतात.

आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरसाठी पाण्याची आगगाडी निघाली, ती कुर्डुवाडीवरून याच मार्गाने गेली. अरुंद रुळांच्या जागी तोवर रुंद रूळ आले होते. २००८ साली ते काम पुरे झाले होते. ज्या वाटेवर माणसे कोरडी शिदोरी घेऊन निघत आणि पाणी पुढच्या गावावर सोपवीत, त्याच वाटेने आता टाक्यांत भरलेले पाणीच प्रवासाला निघाले होते.

आज स्थानकावर पाणी बाटलीत मिळते. तिच्याशेजारी रंगीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यांतला माल कुरकुरीत असतो, खारट असतो आणि मुलांना आवडतो. उगाच खोटे कशाला बोलावे? तोही कोरडाच, म्हणून टिकतो. आजीचे शास्त्र कारखान्यालाही लागू आहे. फरक एवढाच, की पुडी ज्याची त्याची असते. ती फोडून समोरच्याला 'घ्या की' म्हणणारा क्वचित दिसतो. आणि विकत घेतलेल्या पाण्याबरोबर गुळाचा खडा कोणी देत नाही.

तरी करार अगदीच मोडलेला नाही. आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांची रांग पाहावी. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांची वाट; पुष्कळांच्या पायांत वहाणा नसतात. कर्नाटकातूनही माणसे येतात, त्यांची भाषा वेगळी. रात्रभर रस्ता चालत असतो. कडेला ठिकठिकाणी कनाती उभारलेल्या असतात. कोणी केळी देतो, कोणी चहा, कोणी चिवडा. आणि लहान पोरे बादली घेऊन पाणी वाटीत असतात. घेणारा 'आई राजा उदो उदो' म्हणतो आणि पुढे जातो. शेवटचा घाट चढताना माणसे उगीच दोन चुरमुरे तोंडात टाकतात. तेवढ्याने काय पोट भरणार? पण पाय उचलतो.

परतताना प्रत्येकाच्या पिशवीत प्रसादाचे चुरमुरे-फुटाणे असतात. घरी आल्यावर ते शेजारीपाजारी चिमूट चिमूट वाटले जातात. तरीही पुष्कळ उरतात आणि दोन दिवसांत सादळतात. मग एका सकाळी घरधनीण ते पाण्यात बुडवून पिळून काढते, कांदा-मिरचीची फोडणी करते, शेंगदाणे टाकते, फुटाण्यांच्या डाळीचे कूट वरून भुरभुरते. या पदार्थाचे नाव सुशीला. मराठवाड्याबाहेरच्या पाहुण्याला कोणी 'सुशीला खाणार का?' असे विचारले, तर तो बावरून स्वयंपाकघराकडे पाहतो आणि घरातली पोरे तोंडावर हात धरून हसत सुटतात. वाटेवर कोरडे खाल्लेले चुरमुरे घरी येऊन असे ओले होतात. रांजण भरलेला असतो, पातेले चुलीवर असते, आणि पोर एक वाटी झाकून शेजारच्या म्हातारीकडे पोचवायला निघालेले असते, कारण यंदा तिला एवढे चालवले नव्हते.