धुण्याचे यंत्र आणि बोअरचे पाणी



बी. एस्सी. शेती झालो, पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून लागलो, तेव्हापासून सभेतले प्रश्न ठरलेले आहेत. युरिया कधी येणार, हुमणीला काय टाकायचे, विम्याचे पैसे कुठे अडकले. अलीकडे मात्र सभा उठता उठता मागे बसलेल्या बायांपैकी कोणीतरी हळूच विचारते, "साहेब, कपडे धुवायचं मशीन घ्यावं का हो? आमच्या पाण्यावर टिकंल का?" पुरुष मंडळी हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्या घरात रोज पाच-सहा माणसांचे मातीने आणि घामाने भरलेले कपडे निघतात, त्या घरातल्या बाईची कंबर हाही शेतीचाच प्रश्न आहे. म्हणून आज पिकाचे राहू द्या, यंत्राचे बोलू.

एकच यंत्र मी दोन ठिकाणी चालताना पाहिले आहे, ते सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मुंबईत डिलाईल रोडला राहायला होती. पाटीवर त्या रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग, पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या तोंडी डिलाईल रोडच. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरे एके काळी तिथल्या गिरण्यांच्या पगारावर जगली. अक्काचे सासरे गिरणीतच होते. १९८२ च्या संपानंतर नोकरी गेली, पण बी.डी.डी. चाळीतली खोली राहिली. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या चाळी, आणि खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पलंग, कपाट, देव्हारा, आणि मोरीच्या कडेला भाच्याने आणलेले, समोरून दार उघडणारे आपोआप धुण्याचे यंत्र. ते थांबले की अक्का त्याच्यावरच पोळपाट ठेवून चपात्या लाटायची.

सहा वर्षे त्या यंत्राची एक तक्रार नव्हती. पुढे चाळीचा पुनर्विकास निघाला, खोली रिकामी करायची वेळ आली. तात्पुरत्या घरात यंत्राला जागा नव्हती, म्हणून भाच्याने ते टेम्पोत घालून गावी आमच्या वहिनीकडे पाठवले. वहिनी काय हरखल्या! पण चौदा महिन्यांत रडगाणे सुरू झाले. कपडे कडक निघू लागले, पांढरी बंडी पिवळट दिसू लागली, पाणी तापेना, आतून कुबट वास येऊ लागला. तालुक्याहून आलेला कारागीर म्हणाला, यंत्र संपले, नवे घ्या. मी गेलो तेव्हा त्याच्यावर ताडपत्री टाकलेली होती आणि वहिनी पुन्हा दगडावर. म्हणाल्या, "भावजी, ह्या मशीनपरीस माझा दगड बरा."

मला ते पटेना. दुसरा जाणता माणूस आणून यंत्राचा हीटर बाहेर काढायला लावला. त्याच्यावर चुन्यासारखे पांढरे कवच चढले होते. बंबाच्या आत बसते ना, तसेच.

आता यातले गमक बघा. मुंबईच्या नळाला येणारे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे, म्हणजे साठवलेल्या पावसाचे. ते मऊ असते. आपले बोअरचे पाणी खडकातून झिरपत खाली जाते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेत येते. यालाच आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. आमच्या बोअरचा आकडा ५०० च्या वर निघाला. असे पाणी तापवले की क्षार सुटून हीटरवर बसतात. यंत्राचा काही दोष नव्हता.

तुमच्या पाण्याची परीक्षा घरीच करा. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि जोरात हलवा. पावडर मात्र वापरू नका, तिने फसगत होते. फेस भरभरून आला तर पाणी मऊ. फेस न येता दुधासारखे गढूळ होऊन वर साका तरंगला तर जड. नेमका आकडा हवा असेल तर पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्या. माती तपासून आणता, तसेच पाणीही तपासा. ठिबकच्या नळ्या का तुंबतात तेही त्यातच कळेल.

पाणी जड निघाले म्हणून यंत्र घेऊ नये असे मी म्हणणार नाही. रोजचे कपडे थंड पाण्यावरच धुवा. पाणी तापले नाही तर कवचही फारसे बसत नाही. सुती कपडे असतील तर पावडरीबरोबर दोन चमचे धुण्याचा सोडा घाला, म्हणजे पाण्याचा जडपणा मोडतो. रेशमी आणि लोकरी कपड्यांना सोडा नको. दीड-दोन महिन्यांनी यंत्र रिकामे ठेवून त्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व टाका आणि गरम पाण्याचा फेरा चालवा. आमचा हीटर असाच साफ झाला, नवा घ्यावा लागला नाही. मात्र लिंबूसत्व आणि कपडे पांढरे करायचे ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी तर फुकटचे मऊ पाणी. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर होते. पन्नास मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटरची एक सर आली तर पाचशे लिटर. थोडे वाया गेले असे धरा, तरी समोरून उघडणाऱ्या यंत्राची सहा-सात धुणी होतात. वरून कपडे टाकायच्या यंत्राला साधारण दुप्पट पाणी लागते, पण त्यात बादलीने पाणी ओतता येते ही सोय मोठी.

दाबाचेही बघा. दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब सुमारे एक बार होतो, हे ठिबकवाल्यांना सांगायला नको. टाकी यंत्राच्या डोक्यावर जेमतेम फूटभर असेल तर पाणी रेंगाळत येते आणि यंत्र मध्येच थांबून दिवा मिचकावत बसते. किती दाब हवा ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असते. टाकी त्या मानाने उंच बसवा. बोअरला वाळू येत असेल तर नळीच्या तोंडाची बारीक जाळी तुंबते. आमच्याकडे थोरल्या भावाने ठिबकची जुनी जाळीची गाळणी मधे बसवली, काम झाले. अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय यंत्राला हात लावू नका. ओले हात आणि वीज यांची गाठ आहे.

अक्काच्या काही सवयी मात्र वहिनींनी जशाच्या तशा उचलाव्यात अशा. खिसे उलटे करून झाडणे. आमच्याकडे त्यातून खिळे, बियाणे आणि कुसळे निघतात. धुणे झाले की दाराच्या रबराची घडी पुसून दार उघडे ठेवणे, म्हणजे कुबट वास येत नाही. महिन्यातून एकदा खालची गाळणी काढून धुणे. आणि पावडर मोजून, तीही कमी फेसाची. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हा समज सोडा.

पण एक गोष्ट डिलाईल रोडला अक्काला कधी करावी लागली नाही. ती म्हणजे फवारणीचे कपडे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून तोंडाला फडके, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. तो सदरा संध्याकाळी कोण धुते, हे मात्र कोणी विचारत नाही. औषध कातडीतूनही अंगात जाते. घरातली बाई उघड्या हाताने तो चोळते, आणि यंत्र आले की तोच सदरा बाळाच्या दुपट्याबरोबर आत जातो. आमच्या घरी हे होत होते.

फवारणीचे कपडे त्याच दिवशी, वेगळे. आधी बाहेर, त्यासाठीच राखलेल्या बादलीत बंबाचे गरम पाणी आणि पावडर घालून भिजवा. हातात रबरी मोजे हवेत. ते पाणी विहिरीपासून आणि जनावरांच्या हौदापासून लांब, मोकळ्या जमिनीत ओता. मग यंत्रात तेवढेच दोन-तीन कपडे, जास्तीत जास्त पाण्यावर, दोनदा धुवा आणि उन्हात वाळवा. नंतर यंत्र पावडर घालून एकदा रिकामे फिरवा. बाटलीतले मूळ औषध ज्यावर सांडले तो कपडा धुवूच नका. पुन्हा अंगावर न घेता टाकून द्या. सदऱ्याची किंमत बघत बसू नका.

राहिले सांडपाणी. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावायची आपली जुनी रीत चांगलीच आहे, पण पावडरीत सोडियम असते आणि काळ्या रानात ते साठले की जमीन चोपण होते. म्हणून पहिले फेसाचे पाणी बाजूला सोडा आणि खळबळल्याचे पाणी केळीला द्या, तेही एकाच आळ्यात वर्षानुवर्षे नको. आमच्या वहिनींनी नळीच्या तोंडाला दोन वाटा केल्या आहेत. कोणते पाणी कुठे सोडायचे ते आता नातवंडांनाही ठाऊक आहे. फवारणीच्या धुण्याचे पाणी मात्र केळीला नाही आणि अळूला तर नाहीच, कारण त्या पानांची भाजी आपल्याच ताटात येते.